दारात केलेली प्रार्थना: सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका प्रार्थनाफेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावर आमची एक लहान मराठी मंडळी आहे. रविवारी उपासनेला चाळीसएक माणसं असतात, पावसाळ्यात त्याहून कमी. मी या मंडळीत बायकांच्या संगतीचं काम पाहते, आणि ज्या प्रार्थनाफेरीबद्दल हे लिहिते आहे तिची जबाबदारीही माझ्याकडेच होती. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावंही नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्या वहिनींच्या घरी हे घडलं त्यांना सगळं वाचून दाखवलं आणि त्यांनी ‘चलात’ म्हटल्यावरच ते पुढे दिलं.

आमच्या भागात ख्रिस्ती माणूस नवा नाही. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले इथली कॅथलिक कुटुंबं पिढ्यान् पिढ्यांची आहेत. 2005 मध्ये सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांतही झाला. त्यामुळे आम्ही कुणाच्या दारात जाऊन ‘आम्ही ख्रिस्ती’ म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: “म्हंजे इगर्जीतले? फादरांचे?” आम्ही त्यांचे नाही, आमची उपासना वेगळी, हे सांगत बसावं लागतं. दुसरी आठवण म्हाताऱ्या माणसांकडून निघते, ती वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलची. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभं केलेलं ते सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. कुणाचं बाळंतपण तिथे झालेलं असतं, कुणाच्या बापाला तिथे जीवदान मिळालेलं असतं. ख्रिस्ती माणूस म्हणजे औषध देणारा, अशी ओळख आमच्या आधी कितीतरी वर्षं त्या दारांपर्यंत पोचलेली होती. आम्ही फुकट तिचा वारसा घेतला होता. पुढे जे झालं ते मला जास्त लागलं, त्याचं हेही एक कारण.

फेरी दिवाळीनंतर सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा, दोघा-दोघांच्या तीन जोड्या, बंदराजवळच्या दोन वाड्यांमध्ये. दोघं-दोघं जायचं, कारण प्रभूने शिष्यांना तसंच पाठवलं. घरी जाऊन विचारायचं एवढंच: “आम्ही शेजारपाजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. तुमच्या घरासाठी काही मागायचं आहे का?” सांगितलं तर तिथेच उभ्याने दोन मिनिटं प्रार्थना, नाही सांगितलं तर नमस्कार करून पुढच्या घरी. शेवटी एक पत्रिका हातात द्यायची.

लोक काय मागतील याचा आम्ही काही अंदाज केला होता, तो चुकला. आम्हाला वाटलं होतं, आजार, दारू, कर्ज. मागण्या आल्या त्या मुंबईतल्या मुलाला खोली मिळू दे, नातीचं दहावीचं गणित सुटू दे, आंब्याचा मोहोर टिकू दे. एका आजीने सांगितलं की तिची म्हैस दूध चोरते, तिच्यासाठी काही सांगता येतं का बघा. आमच्याबरोबरच्या सिस्टरनी, म्हणजे निवृत्त नर्सबाईंनी, म्हशीसाठी मनापासून प्रार्थना केली. आजी पुढच्या शनिवारी दारात वाट बघत उभी होती.

कोकणातल्या माणसाला दुसऱ्यासाठी देवापुढे शब्द टाकणं नवीन नाही. जत्रेत, नारळ ठेवताना, गावकार, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. घरातल्या माणसांचं, गुरांचं, परगावी गेलेल्या चाकरमान्यांचं नाव घेऊन मागतो, आणि भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्यामुळे आमच्या प्रार्थनेला कुणी हसलं नाही. हे लोकांना आतून कळत होतं.

अडचण कुठून सुरू झाली

दोन ठिकाणांहून सुरू झाली, आणि त्यातली एक मला आधीच दिसायला हवी होती.

पहिली म्हणजे पत्रिका. ती आम्ही बाहेरून छापील घेतली होती. मागच्या पानावर मत्तयाच्या चौथ्या अध्यायातलं वचन होतं: “माझ्यामागे या म्हणजे मी तुम्हांला माणसे धरणारे करीन.” आम्ही लहानपणापासून हे वचन ऐकत आलो. रविवारच्या शाळेत जाळ्याचं चित्र रंगवलं. एका रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, ती पत्रिका ओट्यावर बसून पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि मला म्हणाले, “काकी, आमी मासे धरतंव ते खावक नायतर इकूक. तुमी माणसां धरून काय करतलास?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते खरंच विचारत होते. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते उत्तर नव्हतं. ज्याचा दिवस जाळ्यात अडकलेला मासा सोडवण्यात जातो, त्याच्या हातात आम्ही कोणती बाजू दिली होती? पेत्राने ते वाक्य ऐकलं तेव्हा तो जाळं टाकत होता, धरणाऱ्याच्या बाजूला. आमच्या वाडीतल्या माणसाने ते वाचलं तेव्हा तो माशाच्या जागी होता. त्या संध्याकाळी मी पत्रिका थांबवायला हव्या होत्या. गठ्ठा शिल्लक आहे, पैसे गेलेत, एवढ्यासाठी मी त्या आणखी पाच आठवडे वाटू दिल्या.

दुसरी गोष्ट वहिनींची. वय चाळिशीच्या आसपास, नवरा बोटीवर खलाशी, दोन मुली. त्यांना क्षयरोग निघाला होता, डिसेंबरात प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या होत्या. हे त्यांनी आमच्या एका तरुण बंधूला सांगितलं आणि प्रार्थना मागितली. बंधू चोविसाचा, जीव लावून काम करणारा, भाविक. तो आणि त्याच्या जोडीचा मुलगा तीन-चार शनिवार त्या घरी गेले. फेब्रुवारीत खोकला पूर्ण गेला, वजन भरलं, चेहऱ्यावर तेज आलं. त्या शनिवारी बंधूने हात वर करून उपकारस्तुती केली आणि म्हणाला, “वहिनी, प्रभूने तुम्हाला बरं केलंय, विश्वास धरा.” मग मोबाइल काढून त्यांची साक्ष रेकॉर्ड केली. एक मिनिट वीस सेकंद. ती मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. गटावर स्तुतीचे संदेश आले. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

दहा-बारा दिवसांनी आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्यसेविका, त्या घरी गेल्या तर गोळ्यांची पाकिटं तशीच. वहिनींनी गोळ्या बंद केल्या होत्या.

सिस्टर ते ऐकून खालीच बसल्या. त्यांनी आयुष्यभर क्षयरोगाचे रुग्ण पाहिलेत. हा आजार फसवा: पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं, पुढचे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा उपचार. खोकला काही आठवड्यांतच जातो, जंतू मात्र आत राहतात. मधेच सोडलं तर ते औषधाला दाद देईनासे होण्याची भीती, आणि मग उपचार लांबतो, कठीण होतो. बरं वाटू लागतं नेमका तोच काळ सगळ्यात धोक्याचा, आणि नेमक्या त्याच काळात आमचा बंधू ‘बरं केलंय’ म्हणाला.

बंधूने गोळ्या बंद करा असं म्हटलं होतं का? हे आम्ही दोघांनाही वेगवेगळं विचारलं. वहिनींचं उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं आहे: “त्यानी गोळये बंद कर असा नाय सांगल्यान. माकाच वाटला, देवान बरा केल्यान, आता गोळये कित्याक?” बंधूही तेच सांगत होता आणि खरं सांगत होता. पण दारात उभं राहून, देवाचं नाव घेऊन बोललेल्या वाक्याचा अर्थ बोलणारा ठरवत नाही.

तोवर साक्षीचा व्हिडिओ मंडळीच्या गटातून कुणाच्या तरी नातेवाइकाकडे, तिथून वाडीच्या गटावर गेला होता. त्यात वहिनी स्वतःच्या तोंडाने ‘टीबी’ म्हणत होत्या. वाडीत कुणालाच हे माहीत नव्हतं. त्यांच्या घरी पाणी पिणं बंद झालं. थोरल्या मुलीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, त्या घरून निरोप येणं थांबलं. नवरा बोटीवरून आला तो थेट पास्टरांच्या दारात. त्याने शिवी दिली नाही. म्हणाला, “तुमी माझ्या बायलेक गावात उघड्यार हाडल्यात.”

आठवड्याभरात गावकीची बैठक ठरली आणि आम्हाला बोलावणं आलं.

समोर असलेले पर्याय

बैठकीच्या आदल्या रात्री पास्टरांच्या घरी आम्ही सात जण बसलो. पर्याय आम्ही काही कागदावर मांडले नव्हते, वादातून एकेक पुढे येत गेला.

तरुणांचं म्हणणं, आपण जायचंच नाही. संविधानाच्या कलम 25 ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचाही हक्क दिलाय, गावकी कोण विचारणारी? गरज पडली तर पोलिसांत अर्ज देऊ. हे बोलणं हलकं नव्हतं. तो हक्क खरा आहे. पण त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, असंही आहे, आणि इथे प्रश्न आरोग्याचाच होता. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस प्रकरणात प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असंही सांगितलं आहे. आमच्या हातून धर्मांतर वगैरे काही झालं नव्हतं. तरी मला वाटत होतं ते वेगळंच. गावाने आमचा हक्क नाकारलाच नव्हता. त्यांनी एका बाईबद्दल विचारलं होतं. त्याला कलमाने उत्तर देणं म्हणजे प्रश्न न ऐकणं.

दुसरा पर्याय, फेरी कायमची बंद. दोन वडील याच मताचे होते. प्रभूने खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, ती घरात बसूनही होते. तिसरा पर्याय कुणीतरी हळूच सुचवला: बंधूला पुढे करायचं, त्याची वैयक्तिक चूक म्हणून माफी मागायला लावायची, मंडळीचं नाव बाहेर काढायचं. हा बोलला गेला तेव्हा बंधू खोलीतच होता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “मी मागतो.”

मला तो क्षण विसरता येत नाही. त्याला त्या दारात पाठवणारी मी. काय बोलायचं, काय नाही, याचं एका शब्दाचं शिक्षण मी त्याला दिलं नव्हतं. गाण्यांचा सराव घेतला, वचनं पाठ करून घेतली, आजाऱ्यासमोर कसं बोलायचं हे सांगितलंच नाही. सिस्टर आमच्यातच होत्या, त्यांना अर्धा तास बोलायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

रात्री साडेअकराला ठरलं ते असं. जायचं. पास्टर आणि मी. मंडळी म्हणून चूक कबूल करायची, बंधूचं नाव घ्यायचं नाही. आणि बैठकीच्या आधी, सकाळीच, सिस्टरनी वहिनींच्या घरी जायचं, कारण गावापेक्षा गोळ्या आधी.

एक वाद उरला. बैठक देवळाच्या सभामंडपात होती. तिथे विश्वासणाऱ्यांनी बसावं का? यावर आमच्यात दोन टोकं होती आणि ती मिटली नाहीत. सकाळी गावकारांचाच निरोप आला: “तुमका देवळात अवघड जायत, शाळेच्या व्हरांड्यात बसूया.” आम्ही रात्रभर ज्यावर भांडलो ते त्यांनी न मागता सोडवलं होतं.

काय केलं

सिस्टर सकाळी सातला गेल्या. त्यांनी प्रार्थना केली नाही, पवित्र शास्त्रही उघडलं नाही. वहिनींना रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा थुंकी तपासायला घेतली आणि उपचार परत सुरू केला. परतताना सिस्टर वाडीतल्या चार घरी थांबल्या आणि सांगितलं की हा आजार हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, आणि नीट औषध चालू असलेल्या माणसापासून धोका लवकरच खूप कमी होतो. त्यांनी एका घरी वहिनींच्या हातचं पाणी सगळ्यांसमोर प्यायलं.

व्हरांड्यातली बैठक दीड तास चालली. पोलीसपाटलांनी 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख केला. पास्टर मधे बोलले नाहीत. मग ते उभे राहिले आणि म्हणाले की औषधाविना बरं होतं असं आम्ही मानत नाही, शिकवत नाही, पण आमच्या बोलण्यातून या घराला तसं वाटलं आणि ती जबाबदारी आमची. व्हिडिओ टाकणं हा अपराध होता. त्यांनी वहिनींच्या नवऱ्याकडे बघून माफी मागितली. मी पत्रिकेचंही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. मागे बसलेल्या रापणकरांनी मान हलवली.

गावकारांचं शेवटचं बोलणं असं: “तुमचो देव वायट, असा कोण म्हणना नाय. पण कोणाच्या घरात जातास, ता इचारून जावा.”

त्यानंतर फेरी सहा आठवडे बंद. त्या काळात आम्ही बसून काही गोष्टी ठरवल्या. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. बोलावणं आजाऱ्याकडून येतं. हे आम्ही शंभर वेळा वाचलं होतं आणि उलटं करत होतो. आता बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. रस्त्यात, बाजारात, तिकटीवर कुणी भेटलं, बोलणं निघालं, तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असं विचारायला मोकळीक, आणि ‘नको’ म्हटलं की विषय संपला. आजाराची मागणी असेल तर जोडीत सिस्टर किंवा त्यांनी शिकवलेलं कुणीतरी हवंच, आणि प्रार्थनेतच ‘डॉक्टरांच्या हाताला यश दे, औषधाचा गुण येऊ दे’ हे मोठ्याने म्हणायचं. ‘बरं झालं’ हा शब्द आपण उच्चारायचा नाही, तो डॉक्टरांचा. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, गटावर कुणाचं नाव नाही. पत्रिकांचा गठ्ठा मी स्वतः परत बांधून ठेवला. प्रभूबद्दल कुणी विचारलं तर मात्र लपवाछपवी नाही: कोण आहोत, कुणाला मानतो, का आलो, सरळ सांगायचं. पेत्राने विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने, असं लिहिलंय, त्याच्यावर आम्ही दोन शनिवार घालवले.

काय झालं

वहिनींचा उपचार मधल्या खंडामुळे लांबला, पण पूर्ण झाला. शेवटची थुंकी निर्दोष आली. मुलीची ती सोयरीक मोडली ती मोडलीच.

आमची घरं कमी झाली. आधी एका शनिवारी पंधरा-सोळा दारं व्हायची. आता महिन्याला तीन-चार बोलावणी. तरुणांपैकी दोघांना हे पटलं नाही. सुवार्तेला कुलूप घातलं असं ते म्हणाले आणि दुसऱ्या संगतीत गेले. त्यांच्याशी माझं अजून बोलणं आहे. त्यांचं दुःख मला कळतं, कारण मलाही ती पंधरा दारं आठवतात. बंधू राहिला. त्याने आशाताईंना विचारून क्षयरोगाच्या औषधांची माहिती घेतली आणि आता सिस्टरांबरोबर जातो. वहिनींच्या घरी जाऊन त्याने एकट्याने माफी मागितली, हे मला खूप नंतर वहिनींकडून कळलं.

बाप्तिस्मा कुणाचा झाला नाही. हे लिहिते, कारण असल्या लिखाणात लोक शेवटी तोच आकडा शोधतात.

ऑगस्टात, म्हणजे 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी उठल्यावर, वहिनींनी निरोप पाठवला. नवरा पहिल्यांदा समुद्रात जाणार होता, प्रार्थना करायला या. आम्ही दोघी गेलो. तुळशीजवळ उभं राहून सिस्टरनी साध्या शब्दांत प्रार्थना केली: बोटीसाठी, वाऱ्यासाठी, बोटीवरच्या आठही जणांसाठी, परत आलेल्या तब्येतीसाठी, डॉक्टरांसाठी आणि आशाताईंसाठी. शेवटी आम्ही ‘आमेन’ म्हटलं. वहिनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्या. नवरा दारात उभा होता. तो काही बोलला नाही, पण आम्ही निघताना चहा थांबवून ठेवला होता, तो पिऊनच जायला लावलं.

वेगळं काय करता आलं असतं

याबद्दल मंडळीत आमचं एकमत नाही, म्हणून माझं मत माझ्या नावावर लिहिते.

पहिला वळणाचा क्षण रापणकरांचा प्रश्न होता. तेव्हा मी थांबून ‘आपण बोलतो ते ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागतं’ एवढं विचारलं असतं, तर ‘बरं केलंय’ या वाक्याचाही विचार झाला असता. दोन्ही एकाच जातीच्या चुका. ना. वा. टिळक आमच्याच कोकणातले, 1861 साली करजगावात जन्मलेले. ख्रिस्त मराठी मनाला मराठी चालीवर कळावा म्हणून ते आयुष्यभर झटले. त्यांची भजनं आम्ही फेरीत गात होतो, आणि हातात मात्र कुठून तरी आलेली पत्रिका.

दुसरा क्षण व्हिडिओचा. बंधूने तो टाकला, पण गटावर आम्ही सव्वीस जण होतो. एकानेही विचारलं नाही की या बाईला माहीत आहे का हे कोण कोण बघतंय. वहिनींनी रेकॉर्डिंगला ‘हो’ म्हटलं होतं, हे खरं. पण देवाचं काम करायला घरी आलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणं आपल्याकडच्या बाईला किती जड जातं, हे मी बाई असून विसरले. प्रभूने आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो आंधळा आहे हे दिसत असतानाही विचारलं.

तिसरा क्षण बैठकीतला. तिथे आम्ही बरोबर वागलो असं बहुतेकांना वाटतं. मला एक खटकतं. आम्ही नवऱ्याची माफी मागितली, गावाची मागितली. वहिनी त्या व्हरांड्यात नव्हत्या, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, आणि आम्हीही बोलवा म्हटलं नाही. त्यांची माफी मंडळी म्हणून मागायला आम्हाला आणखी तीन आठवडे लागले.

तो व्हिडिओ अजून वाडीतल्या काही मोबाइलवर आहे. आम्ही घरोघर जाऊन पुसायची विनंती करावी की त्याने तो विषय पुन्हा उकरला जाईल, हे ठरलेलं नाही. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, थोरलीचं लग्न ठरल्यावर बघूया. तोवर थांबलो आहोत.

या शनिवारी दोन बोलावणी आहेत. एक डायलिसिसला जाणाऱ्या काकांचं, तिथे सिस्टर आणि बंधू जातील. दुसरं त्या आजीचं, म्हैस व्यायली आहे.